‘हो’ कशाला म्हणायचं?



प्रेमावर बोला म्हणालात, पण मी सुरुवात पोलीस ठाण्यापासून करते. १९७२ साल. देसाईगंजचं ठाणं, रात्र. मथुरा ही आदिवासी मुलगी आणि दोन पोलीस. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे तिची संमती होती, असं धरून सुप्रीम कोर्टाने दोघांना सोडलं. त्यावर १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. वसुधा धागमवार त्यांतल्या एक. शरण जाणं आणि संमती देणं यांत फरक आहे, हा त्यांचा मुद्दा. २०१३ पासून कायदाच सांगतो, की प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरायची नाही.

आपल्या होस्टेलात वर्दी नसते. पण फॉर्म भरून देणारा सीनियर असतो, सही अडवू शकणारा गाइड असतो, “लग्नाचं घरी बोलतो” म्हणत तिला जात लपवायला लावणारा मित्र असतो. घरातली पहिलीच शिकणारी मुलगी अशांना दुखवायला कचरते. म्हणून मुलांनो, जवळ जाण्याआधी स्वतःला विचारा : ती नाही म्हणाली तर तिचं काय अडेल? काही अडणार असेल, तर तिचा ‘हो’ मोजू नका. विचारल्याने मजा जाते, हे सिनेमातलं. मला तरी विचारणारा माणूसच आवडला.

नवऱ्याला मात्र कायद्याने अजून सूट आहे, बायको १८ वर्षांची झाली की. बाबासाहेबांनी १९४२ मध्येच नागपुरात बायकांना सांगितलं होतं : नवऱ्याची मैत्रीण व्हा, दासी नको.

आता तुमचे प्रश्न. मुलांनो, तुम्हीही विचारा.