वकिलाची फी, सहीच्या आधी

18 ऑगस्ट 2025 ला कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांची मुंबईवारी वाचली, तिथल्या मुक्कामाचा खर्चही. वकिलाची फी मात्र राहिलीच. कोणी ती तारखेगणिक घेतं, कोणी दाव्यापासून निकालापर्यंतची ठरवून टप्प्याटप्प्यानं. नोटिशीचे पैसे वेगळे असू शकतात. कोर्ट फी स्टॅम्प, टायपिंग, झेरॉक्स यात धरलंय का, हे वकीलपत्रावर सही करण्याआधीच विचारा. त्यात संकोच कसला? पावतीही मागा.

‘जमीन मिळाली तर चार गुंठे माझे’ असा सौदा मात्र चालत नाही. बार कौन्सिलच्या नियमांनुसार फी दाव्याच्या निकालावर किंवा मिळकतीतल्या हिश्श्यावर ठरवता येत नाही. फी थकली म्हणून पक्षकाराची फाइल अडवूनही ठेवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2000 साली तसा निकालच दिलाय.

फी परवडतच नसेल, तर मोफत वकिलाची सोय आहे. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतले आरोपी यांना तर उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. कोल्हापुरात कसबा बावडा रोडवरच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, नाहीतर 15100 वर फोन लावा.