आवळलेली पट्टी आणि जखमेचा ऑक्सिजन

घोट्याच्या वर, पायाच्या आतल्या बाजूला एक जखम होते. भोवतालची कातडी काळवंडते, संध्याकाळी पाय सुजतो आणि महिने लोटले तरी जखम भरत नाही. डॉक्टर घट्ट पट्टी बांधायला सांगतात, तर घरचे म्हणतात, "अहो, एवढी आवळली तर रक्त पोचायचं कसं?"

शंका रास्त आहे. पण व्हेरिकोज व्हेन्समुळे होणाऱ्या या जखमेत खरी अडचण रक्त पोचण्याची नसते, ते परत वर जाण्याची असते. आपण उभे असतो तेव्हा घोट्यापाशी नीलांमधला दाब पाऱ्याच्या 80 ते 90 मिलिमीटरपर्यंत असतो. चालू लागलं की पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात, नीलांमधल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत आणि निरोगी पायात हा दाब 30च्या आसपास उतरतो. झडपा निकामी झाल्या की चालूनही तो पुरेसा उतरत नाही. मग केशवाहिन्यांतून पाणी आणि प्रथिनं झिरपून कातडीखाली साचतात. ऑक्सिजनला पेशीपर्यंत जास्त अंतर कापावं लागतं. कातडीवर तापवलेला सेन्सर ठेवून मोजलं, तर जखमेभोवती ऑक्सिजन कमी भरतो.

लंडनच्या ब्राउझ आणि बर्नंड या शल्यचिकित्सकांनी 1982 साली मांडलं, की केशवाहिन्यांभोवती साचलेलं फायब्रिन हे प्रथिन ऑक्सिजनला अडवतं. त्यावर पुढे वाद झाले. अडकलेल्या पांढऱ्या पेशींकडेही बोट दाखवलं गेलं. सूज उतरली पाहिजे, याबद्दल मात्र दुमत नाही.

पट्टी नेमकं तेच करते. घोट्याशी सुमारे 40 मिलिमीटर दाब आणि गुडघ्याकडे जाताना तो कमी कमी, अशी ती बांधतात. बांधल्याबरोबर ऑक्सिजन वाढेलच असं नाही. सूज ओसरते तसतशी कातडी सुधारते. पट्टी बांधून चालायचं, कारण पोटरी हलली तरच तिचा पुरेपूर उपयोग होतो.

मात्र धमन्याच अरुंद असतील, तर घरच्यांची भीती खरी ठरते. म्हणून आधी घोट्याचा रक्तदाब दंडाच्या दाबाशी ताडून पाहतात. गुणोत्तर 0.8पेक्षा कमी आलं, तर पूर्ण दाबाची पट्टी बांधत नाहीत. मधुमेहात हा आकडा फसवा असू शकतो, त्यामुळे जास्त तपासण्या लागतात. बोटं निळी पडली, बधिर झाली किंवा कळा येऊ लागल्या, तर पट्टी लगेच सोडा आणि डॉक्टरांना दाखवा. जखम भरल्यावरही दाबाचे मोजे वापरत राहा, कारण बिघडलेल्या झडपा तशाच असतात.