तंबाखूचा तह आणि खजिन्याची भागीदारी



ठाकूरद्वारच्या नाक्यावर पानाच्या गादीपाशी सुटी सिगारेट पेटविणारा तरुण आणि अमेरिकेतील कंपन्यांनी तेथील राज्यांशी केलेला तह, यांचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो खिशाचा आहे.

नोव्हेंबर १९९८ मध्ये अमेरिकेतील ४६ राज्यांनी चार मोठ्या सिगारेट कंपन्यांवरील दावे तडजोडीने मिटविले. धूम्रपानाने आजारी पडलेल्या गरिबांच्या औषधोपचारावर राज्यांचा जो खर्च झाला, त्याची ती भरपाई. कंपन्यांनी पहिल्या २५ वर्षांत सुमारे २०६ अब्ज डॉलर देण्याचे मान्य केले. रस्त्यांवरील जाहिरातफलक उतरले, मुलांना भुलविणारी व्यंगचित्रे बंद झाली. धूम्रपानही घटले. माध्यमिक शाळांतील सिगारेट ओढणाऱ्या मुलांचे प्रमाण १९९७ मध्ये ३६ टक्क्यांवर होते, ते २००३ मध्ये सुमारे २२ टक्के झाले. प्रौढांतील प्रमाण १९९८ मधील सुमारे २४ टक्क्यांवरून २०२० पर्यंत १२.५ टक्क्यांवर आले.

हे पुण्य कोणाच्या पदरात टाकावयाचे? तह होताच कंपन्यांनी पाकिटामागे ४५ सेंट भाव वाढविला. म्हणजे दंड कंपनीला झाला आणि भरला तो ओढणाऱ्याने! पण भाव वाढला की अपुऱ्या खिशाची मुले आधी गळतात, आणि तेच घडले. पुढे राज्यांनी वाढविलेले कर व सार्वजनिक जागी धूम्रपानास घातलेली बंदी यांचाही त्यात वाटा आहे. आलेल्या पैशांतला अगदी थोडा भाग व्यसनमुक्तीकडे गेला. बाकीच्याने अंदाजपत्रकांतील खड्डे बुजविले. काही राज्यांनी तर पुढील वर्षांचे हप्ते गहाण टाकून कर्ज उभारले. हे हप्ते सिगारेटच्या खपाबरोबर चढतात-उतरतात. खप घटला की खजिना घटतो. दंड करणाराच धंद्याचा वाटेकरी होऊन बसला.

भारतात असा तह झाला नाही. येथे जे घडले ते दंडाविना. ठाकूरद्वार ज्या दक्षिण मुंबई मतदारसंघात मोडते, तेथून अनेकदा खासदार झालेले मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले. ते काँग्रेसचे, पण पक्ष वेगळा म्हणून कामाची नोंद टाळणे बरे नव्हे. २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने रुग्णालये, शाळा, ग्रंथालये, कचेऱ्या व आगगाड्यांतील धूम्रपान बंद करण्याचा आदेश दिला. २००३ चा कायदा त्यानंतरचा. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने सुट्या सिगारेटी-विड्यांच्या विक्रीवर बंदी घातली. तिचे मर्म भावातच आहे. पूर्ण पाकीट परवडत नाही, एक कांडी परवडते. सुटी विक्री चालू राहिली की कितीही कर वाढवा, तो एकेका कांडीत विरून जातो.

वाटेकरीपण मात्र येथेही आहे, आणि त्याला तहाचीही गरज पडली नाही. आयुर्विमा महामंडळाचे मोठे भागभांडवल आयटीसीत आहे. तोंडाच्या कर्करोगाने निधन पावलेले महाराष्ट्राचे माजी मंत्री सतीश पेडणेकर यांच्या पत्नी सुमित्रा पेडणेकर आणि इतरांनी २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याविरुद्ध जनहित याचिका केली. लोकांच्या आयुष्याचा विमा उतरविणाऱ्या संस्थेने तंबाखूच्या नफ्यात वाटा घ्यावा काय, हा त्यातील प्रश्न.

सिगारेटपुरता हा विचार थांबविणे महाराष्ट्रात चालणार नाही. २०१६-१७ च्या पाहणीत राज्यातील ओढणारे प्रौढ ३.८ टक्के, तर न जळणारी तंबाखू खाणारे-लावणारे २४.४ टक्के आढळले. २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तंबाखू-चुन्याची पुडी मात्र गिरणगावाच्या जुन्या दिवसांपासून कामकऱ्याच्या खिशात आहे.

आणि विडी? अमेरिकेत तंबाखू पिकविणाऱ्या शेतकऱ्यांसाठी १९९९ मध्ये कंपन्यांकडून निराळा निधी काढण्यात आला. इकडे विडी कामगारांसाठी २०२५ पर्यंत १९६६ चा कायदा होता. तो कामाच्या अटी ठरवीत असे, काम गेल्यावर काय, हे सांगत नसे. भाव वाढवा, असे सरकारला सांगताना सोलापुरात घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईच्या पर्यायी मजुरीची मागणी त्याच निवेदनात, त्याच्या पहिल्या पानावर असली पाहिजे.