शंखाचं आडनाव



दोह्याच्या दक्षिणेला हमद पोर्ट आहे. २०१७ साली त्याचं रीतसर उद्घाटन झालं आणि तेव्हापासून कतारमध्ये राहणाऱ्या आपल्या घरांतलं निम्मंअधिक सामान याच बंदरातून येतं. हे बंदर बांधायच्या वेळी तिथल्या किनाऱ्यावरची तिवरं, समुद्री गवत आणि प्रवाळ उचलून दुसरीकडे लावण्याचं काम झालं होतं. आता, एखाद्या जिवाला त्याच्या घरातून हलवायचं तर आधी तो कोण आहे हे माहीत हवं. काय खातो, कुठे तगतो, त्याचे भाईबंद कोण, हे सगळं त्याच्या नावावरून शोधता येतं. म्हणून अशा प्रत्येक कामाची सुरुवात एका यादीने होते, नावांच्या यादीने.

आज बोलायचंय ते अशा नावांबद्दल. आपल्या देवघरातल्या शंखाच्या नावाबद्दल.

मुलं किनाऱ्यावरून काहीतरी उचलून आणतात आणि विचारतात, "आई, हे काय?" आपण म्हणतो, शंख. फार तर शिंपला किंवा कवडी. मराठीत शंख हा शब्द ऐसपैस आहे, पिळाचं कवच असलेली समुद्रातली कुठलीही गोगलगाय त्यात मावते. शास्त्रात मात्र प्रत्येकीला दोन शब्दांचं नाव असतं. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. शाळेच्या हजेरीपटात आडनाव आधी आणि नाव नंतर लिहायचे ना, तसंच. पहिला शब्द म्हणजे आडनाव, तो घराणं सांगतो.

आणि घराणं कोणतं यावरून वाद होतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको!

कतारचंच उदाहरण घ्या. उत्तरेला अल खोरजवळ एक छोटं बेट आहे, लोक त्याला पर्पल आयलंड म्हणतात. तिथल्या उत्खननात एकाच जातीच्या समुद्री गोगलगायींच्या फोडलेल्या कवचांचा ढीग सापडला. लाखो कवचं. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, बॅबिलोनवर कसाइट राजांचं राज्य होतं त्या काळात, इथे या गोगलगायींच्या ग्रंथीतून जांभळा रंग काढत असत. अशा गोगलगायींपासून मिळणारा जांभळा रंग रसायन म्हणून आपल्या निळीचा सख्खा भाऊ आहे, निळीच्या रेणूला ब्रोमीन जोडलं की तो तयार होतो.

या गोगलगायीला १८४४ साली देशाय या फ्रेंच शास्त्रज्ञाने नाव दिलं, पुर्पुरा साविन्यी. पुर्पुरा म्हणजे जांभळा. साविन्यी हे नेपोलियनबरोबर इजिप्तला गेलेल्या निसर्गअभ्यासकाचं नाव. त्याने तिथल्या सागरी जिवांची अतिशय बारीक चित्रं तयार करवून घेतली आणि पुढे डोळ्यांच्या आजाराने त्याची दृष्टीच गेली. त्याचं नाव गोगलगायीला कायम चिकटलं, पण तिचं आडनाव बदलत राहिलं. पुर्पुराची ती थाइस झाली. पुढे नातीगोती नव्याने तपासल्यावर थॅलेसा झाली. उत्खननाच्या अहवालांत ती थाइस म्हणून भेटते, आजच्या याद्यांत थॅलेसा म्हणून. गोगलगाय तीच आहे, फक्त तिचे नातेवाईक कोण ते आपल्याला उशिरा कळलं.

यातलं थाइस हे नाव आलं कुठून? १७९८ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात बोल्टेन नावाच्या एका डॉक्टरांचा शंखशिंपल्यांचा संग्रह विकायला निघाला. डॉक्टर तोवर वारले होते. विक्रीसाठी रोडिंग नावाच्या गृहस्थाने यादी छापली आणि त्या यादीत बेधडक नव्या प्रजातींची नावं घातली. थाइस त्यातलंच एक. त्याच यादीत आणखी एक नाव होतं, झँकस. पुन्हा म्हणून बघा, झँकस, शंख. आपल्या पूजेतल्या शंखाला रोडिंगने आपलाच शब्द लॅटिन कपडे घालून दिला होता.

पण ती होती विक्रीची यादी. प्रती थोड्या, वाचणारे त्याहून थोडे. पुढच्याच वर्षी, १७९९ साली, पॅरिसमध्ये लामार्क या नामवंत शास्त्रज्ञाने त्याच घराण्याला नाव दिलं टर्बिनेला, म्हणजे छोटा भोवरा. जातीचं नाव पायरम हे त्याआधीच लिनिअसने देऊन ठेवलं होतं, आकार पेअरच्या फळासारखा म्हणून. टर्बिनेला पायरम हे नाव शंभर वर्षं सुखाने नांदलं. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रोडिंगची यादी अभ्यासकांनी पुन्हा उजेडात आणली. नियम असा की ज्याचं नाव आधी छापलं, त्याचं खरं. एका वर्षाने का होईना, झँकस थोरला ठरला. म्हणून भारतातल्या कितीतरी जुन्या शोधनिबंधांत शंखाचं नाव झँकस पायरम असं आढळतं.

शेवटी प्रकरण प्राण्यांच्या नावांचा निवाडा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगापुढे गेलं. १९५७ साली निकाल लागला. रुळलेलं नाव मोडू नये म्हणून आयोगाने खास अधिकार वापरून टर्बिनेला कायम ठेवलं आणि झँकस बाद केलं. आपला शब्द शास्त्राच्या यादीतून गेला.

तुम्ही म्हणाल, गेला तर गेला, आम्हाला काय त्याचं? सांगते.

परदेशात राहणाऱ्या कितीतरी घरांत हल्ली दक्षिणावर्ती शंख ऑनलाइन मागवतात, आणि त्यासाठी भरपूर पैसे मोजतात. दक्षिणावर्ती म्हणजे उलट्या पिळाचा टर्बिनेला पायरम. तो खरोखरच अतिशय दुर्मिळ असतो. गंमत अशी की शास्त्रज्ञ त्याला डावा म्हणतात आणि आपण उजवा, कारण ते टोक वर धरून पाहतात आणि आपण टोक खाली धरून. पण बाजारात या नावाखाली बरेचदा विकला जातो तो अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा लाइटनिंग व्हेल्क, टेक्सासचा राज्य शंख. त्या जातीत डावा पिळ हाच नेहमीचा, त्यात दुर्मिळ काही नाही. त्याचं घराणंच वेगळं.

ओळखायचं कसं? शंखाच्या तोंडातून आत बघा, मधल्या खांबाकडे. टर्बिनेलाच्या खांबावर तीन-चार ठळक आडव्या वळ्या असतात, बोटाला लागतात. लाइटनिंग व्हेल्कच्या खांबावर तशा ठळक वळ्या नसतात. विकणाऱ्याला आतला फोटो मागा आणि शास्त्रीय नाव लिहून मागा. तो टाळाटाळ करू लागला, तर पैसे खिशातच राहू द्या.

ज्यांच्याकडे तो अमेरिकन शंख आधीच आलाय, त्यांनी मन खट्टू करू नये. भाव ठेवून भरलेलं पाणी त्यातही तीर्थच होतं. फक्त दुर्मिळ म्हणून दुसऱ्याला विकू नका किंवा आहेर करू नका.

आणि मुलांनी पुढच्या वेळी विचारलं, "हे काय?" तर दोन्ही नावं सांगा. शंख हे आपलं, टर्बिनेला हे जगाचं. मधे काही वर्षं जगानेही आपलंच नाव घेतलं होतं, तेही सांगा. कवच हातात घेतलंत तर आत कोणी राहत नाही ना ते बघा. रिकाम्या कवचात खेकडा बिऱ्हाड करतो, त्याचं घर त्याला परत द्या.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.