विनामूल्य लेखन-मार्गदर्शन : ग्रामीण पदवीधराची गरज



बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव तालुक्यातले पिंपळगाव राजा आणि त्यासारख्या अनेक गावांतील मुलेमुली आज महाविद्यालयात शिकत आहेत. १९८३ सालापर्यंत या जिल्ह्यातील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाशी जोडलेली होती. १ मे १९८३ रोजी अमरावती येथे स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले आणि विद्यापीठ वऱ्हाडाच्या जवळ आले. शिक्षणाची दारे उघडली, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु दारातून आत आलेल्या विद्यार्थ्याला आपले ज्ञान कागदावर मांडता येते काय, हा प्रश्न अद्याप शिल्लक आहे.

विद्यार्थ्याला विषय समजलेला असतो, तोंडी विचारले तर तो नीट सांगतोही. मात्र उत्तरपत्रिकेत किंवा प्रकल्प-अहवालात तेच ज्ञान विस्कळीत होऊन उतरते. परीक्षक गुण देतो ते लिहिलेल्याला. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली असून तीत निबंधाची २५० गुणांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. शहरातील विद्यार्थी शुल्क भरून शिकवणी लावू शकतो. कोरडवाहू शेतकऱ्याच्या वा शेतमजुराच्या मुलाला ते परवडत नाही. म्हणून हे मार्गदर्शन विनामूल्य असले पाहिजे.

अन्यत्र अशी व्यवस्था रुळलेली आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात १९७६ साली लेखन-प्रयोगशाळा सुरू झाली. विद्यार्थी आपला कच्चा मसुदा घेऊन येतो, मार्गदर्शकासमवेत बसून तो वाचतो आणि स्वतःच सुधारतो. १९९४ पासून तेथील मार्गदर्शनपर साहित्य संगणकाच्या जाळ्यावरून जगभर विनामूल्य उपलब्ध झाले.

पण ही कल्पना वऱ्हाडाला सर्वस्वी परकी आहे असे मानण्याचे कारण नाही. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे, म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांच्याकडे ते जात, ऐकलेले टिपून घेत आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेत. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ अशा रीतीने एकाच्या लेखणीतून आणि दुसऱ्याच्या परीक्षणातून घडला. लिहिणाऱ्याने जाणत्याला विचारावे, यात कमीपणा नाही, हेच यावरून दिसते.

मार्गदर्शकाचे काम नेमके कोणते, हे स्पष्ट असावे. विद्यार्थ्याचा निबंध लिहून देणे हे त्याचे काम नव्हे. समजा, एखाद्याने लिहिले, “शेतकऱ्यांची स्थिती हलाखीची आहे.” मार्गदर्शकाने विचारावे : कोणत्या शेतकऱ्यांची? कोरडवाहू की ओलिताच्या? कपाशीचा भाव पडल्यामुळे की बोंडअळीमुळे? हे कोणत्या वर्षीचे? या प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्याला बहुधा ठाऊक असतात, कारण ती त्याच्या घरातलीच असतात. ती कागदावर आली की पोकळ वाक्याला आधार लाभतो. प्रथम मुद्दा, मग त्याचा पुरावा, नंतर परिच्छेदांचा क्रम आणि सरतेशेवटी शुद्धलेखन, असा क्रम ठेवावा. पहिल्याच भेटीत सारा कागद लाल शाईने भरला, तर विद्यार्थी दुसऱ्यांदा येत नाही.

भाषेच्या बाबतीतही समजूतदारपणा हवा. वऱ्हाडी बोलीत ‘काळा’चा ‘काया’ आणि ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. ही चूक नव्हे, ती बोलीची रीत आहे. प्रमाण लेखनाची रीत निराळी. साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ साली मान्य केले, १९७२ साली आणखी चार नियमांची भर पडली. घरची बोली सोडावी असे विद्यार्थ्याला सांगण्याची गरज नाही. कोठे कोणती रीत चालते एवढे दाखविले की पुरे.

अशा मार्गदर्शनाने उसनवारीलाही आळा बसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधातील साम्य दहा टक्क्यांहून अधिक आढळल्यास कारवाई होते. अनेक विद्यार्थी लबाडीने नव्हे, तर स्वतःच्या शब्दांत मांडण्याचा विश्वास नसल्याने उतरवून घेतात. त्यांना शिक्षेआधी सराव मिळणे न्यायाचे ठरेल.

यासाठी मोठी इमारत वा स्वतंत्र निधी लागत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला आणि त्यानंतर गावोगावी अनुदानप्राप्त वाचनालये उभी राहिली. गावातील वाचनालयात आठवड्यातून एक सायंकाळ, एक टेबल आणि दोन खुर्च्या एवढ्यावर प्रारंभ होऊ शकतो. निवृत्त शिक्षक आणि पदव्युत्तर विद्यार्थी हे काम करू शकतील. १९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास सेवा द्यावयाची असते. त्यांतील काही तास गावच्या धाकट्या विद्यार्थ्यांसाठी देता आले, तर शिकविणाऱ्याचेही लेखन सुधारेल.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. त्या गौरवाचा अर्थ पिंपळगाव राजाच्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचावयाचा असेल, तर त्याने आपल्या शेताविषयी, पाण्याविषयी आणि गावाविषयी चार स्वच्छ, साधार परिच्छेद स्वतःच्या हाताने लिहिले पाहिजेत. ते वाचून त्याला दोन प्रश्न विचारणारा जाणता माणूस गावातच मिळावा, एवढीच या कार्याची अपेक्षा आहे.