डोंगर आले, गाव राहिले



वर्धापनदिनाला चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझी शाळा सातवीला सुटली. भाषण असे कधी केले नाही. पण त्या म्हणाल्या, "चिखलदऱ्याचे ते लांबलचक फोटो तुम्ही कसे काढले तेवढेच सांगा." ते मात्र मला सांगता येईल. फोटो काढताना माझी एक मोठी चूक झाली, तीही सांगणार आहे, कारण फोटोपेक्षा त्या चुकीनेच मला जास्त शिकवले.

माझी आई अकोल्याला भावाकडे असते. तिचे माहेर मात्र आपल्या जिल्ह्यातले, अचलपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याचे एक खेडे. लग्न होईपर्यंत तिने उत्तरेला रोज तो डोंगर पाहिला. सकाळी काळसर, दुपारी धुरकट आणि दिवे लागणीला निळा. डोंगरातून कोरकू बाया लाकडाच्या मोळ्या, डिंक, चारोळी घेऊन बाजाराला उतरत, त्यांच्याकडे ती पाहत राही. पण वर जाणे काही झाले नाही. पुढे संसार, लेकरे, आणि मागच्या वर्षी खुब्याचे हाड मोडले. आता ती खाटेवरच असते. दिवाळीआधी मी भेटायला गेले तेव्हा म्हणाली, "थो डोंगर एकदा पाहाचा राह्यला व माय."

मी म्हटले, तुला नेता येत नाही, तर डोंगर तुझ्याकडे आणते.

दिवाळीनंतरच्या रविवारी आम्ही दोघे मोटारसायकलने निघालो. अमरावतीहून चिखलदरा ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. यांच्या डोक्यावर हेल्मेट, माझ्याही डोक्यावर हेल्मेट. मागे बसणाऱ्या बाईला हेल्मेट कशाला, असे कोणी म्हटले तर ऐकू नका. पदर नीट खोचून घ्या, ओढणी असेल तर तिची गाठ मारा, नाहीतर चाकात जाते. वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर यांनी गाडी हळू केली आणि मी हात जोडले. 20 डिसेंबर 1956 ला अमरावतीकडे येताना इथेच गाडगेबाबांनी देह ठेवला. मग परतवाडा, धामणगाव गढी, आणि तिथून पुढे घाट.

घाटात मागे बसणारीचे एकच काम असते. गाडी ज्या बाजूला कलेल त्याच बाजूला आपणही कलायचे, भिऊन उलट्या बाजूला अंग टाकायचे नाही. आणि चालत्या गाडीवरून फोटो काढायचा नाही. एका हातात मोबाइल आणि एका हाताने नवऱ्याचा खांदा, यात फोटोही हलतो आणि जीवही टांगणीला लागतो. वळणावर थांबायचे नाही. वळण संपून रस्ता रुंद झाला की गाडी कडेला घ्यायची, खाली उतरायचे आणि मग काय पाहायचे ते पाहायचे. कठड्यावर चढून फोटो घेणारी तरुण मुले आम्ही पाहिली. देवाने त्यांना सांभाळावे.

चिखलदऱ्याची माहिती तुम्हा सर्वांना आहेच. उंची सुमारे 1,100 मीटर, विदर्भातले एकुलते एक थंड हवेचे ठिकाण, तिथे कॉफीही पिकते. भीमाने कीचकाला मारून दरीत टाकले, म्हणून कीचकदरा, त्याचे चिखलदरा झाले असे सांगतात. देवी पॉइंट, भीमकुंड, पंचबोल, सगळीकडे आम्ही हिंडलो. दरीपलीकडे डोंगर, त्यामागे डोंगर, त्यामागे आणखी फिकट डोंगर. ते सगळे एका साध्या फोटोत मावत नाही. त्यासाठी मोबाइलमध्ये पॅनोरामा म्हणून सोय असते.

हा शब्द जुना आहे. रॉबर्ट बार्कर नावाच्या चित्रकाराने 1787 मध्ये गोल भिंतीवर सभोवारचा देखावा रंगवण्याची युक्ती आपल्या नावाने नोंदवली. लोक मध्ये उभे राहून चारी बाजूंना पाहत. पुढे अशा चित्राला पॅनोरामा म्हणू लागले. म्हणजे सगळे दिसणे. कॅमेरा आला तेव्हा त्याच्यातही ही हौस आली. शंभरेक वर्षांपूर्वी गोल फिरणारे मोठे कॅमेरे असत. त्यावर शाळेतल्या सगळ्या मुलांचा एक लांब फोटो निघे, आणि खोडकर पोर एका टोकाला उभे राहून, कॅमेरा फिरेपर्यंत मागून धावत दुसऱ्या टोकाला जाई. फोटोत ते दोन्हीकडे हसताना दिसे!

आपला मोबाइलही तेच करतो. तो एकदम एक फोटो घेत नाही. आपण त्याला फिरवतो तसतशा शेजारशेजारच्या पट्ट्या टिपतो, आणि दोन पट्ट्यांत जेवढे सारखे असेल ते एकमेकांवर बसवून जोड देतो. वाकळ शिवताना आपण एका तुकड्याची कड दुसऱ्यावर थोडी चढवतो आणि मग टाका घालतो, तसेच समजा. कड नीट बसली नाही की वाकळीला चुण्या पडतात. फोटोलाही पडतात. माझ्या पहिल्या फोटोत कठडा मधेच तुटला होता आणि झाडाला दोन बुंधे फुटले होते.

चुका करत करत मी शिकले ते असे. हात लांब करून मोबाइल फिरवायचा नाही. कोपरे अंगाशी घट्ट ठेवायची, मोबाइल उभा धरायचा आणि सगळ्या अंगाने सावकाश वळायचे. जात्याची खालची तळी जागची हलत नाही आणि वरची फिरते, तशी पावले रोवलेली हवीत. पडद्यावर एक बाण दिसतो, तो रेघेवरून ढळू द्यायचा नाही. जवळची वस्तू, म्हणजे कठडा, फांदी, माणूस, शक्यतो टाळायची, कारण जोड तिथेच चुकतो. पुढे कोणी हलायचे नाही. आमचे हे चहाचे कप घेऊन माझ्या समोरून गेले, ते फोटोत दीड माणूस झाले. सरळ रस्ता मात्र फोटोत धनुष्यासारखा वाकडा दिसतो, त्याला इलाज नाही. आणि सूर्य पाठीशी घ्यायचा. तो समोर आला की अर्धे आभाळ पांढरे आणि अर्धा डोंगर काळा होतो.

हा शेवटचा नियम मी फार काटेकोर पाळला. तेवढा ध्यानात ठेवा.

बारा-तेरा फोटो घेऊन आम्ही परत आलो. मोबाइलवर तो फोटो लुगड्याच्या काठाएवढा दिसतो. आईला मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊनही बारीक दिसत नाही. तेव्हा मुलाने युक्ती सांगितली की फ्लेक्सच्या दुकानात छापून घे. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक जिथे छापतात तिथे. फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला तर तो आकसतो आणि मोठा केल्यावर फुटतो. म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, मग मूळचा जसाच्या तसा जातो. सहा फूट लांब आणि सव्वा फूट उंच असा छापून घेतला, गुंडाळून अकोल्याला नेला आणि आईच्या खाटेसमोरच्या भिंतीवर लावला.

भावाची मुले नाचली. शेजारच्या बाया आल्या. दीड माणूस झालेले जावई पाहून आईही हसली. मग ती बराच वेळ पाहत राहिली. या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि पुन्हा मागे. मला वाटले, आनंद झाला. तेवढ्यात ती म्हणाली, "पोरी, ह्या साऱ्यात आपलं गाव कोठी आहे व?"

मी म्हटले, "आई, हा वरचा डोंगर आहे. गाव खाली राहिले."

"डोंगर तं म्या लहानपणीपासून पाह्यला. मले वरून आपलं गाव पाहाचं होतं. आमी खालून रोज तिकडं पाहो. तिथून आमी कसे दिसत असन, दिसत बी असन का नाही, इतलंच पाहाचं होतं."

मैत्रिणींनो, मी गप्पच झाले. दिवसभर मी त्या डोंगरावर होते. सूर्य दक्षिणेकडून येत होता, म्हणून जिथे जिथे उभी राहिले तिथे दक्षिणेला पाठ केली. आणि दक्षिणेलाच सगळे वऱ्हाड पसरलेले होते, त्यात तिचे गाव होते. सगळे दिसते असा फोटो मी काढला, पण माझ्या पाठीमागचे त्यात आले नाही. आणि डोंगर पाहायचा राहिला असे ती म्हणाली, तेव्हा त्यात काय पाहायचे आहे हे मी तिला विचारले नव्हते.

पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा निघालो. हे एका शब्दाने कुरकुरले नाहीत, हे इथे सांगितलेच पाहिजे. या वेळी वर चिखलदऱ्यापर्यंत गेलोच नाही. घाटाच्या वरच्या अंगाला, जिथून मैदान उघडे दिसते, तिथे थांबलो. सकाळी खाली नुसता धुरकट पडदा. हिवाळ्यात मैदानावर तो राहतोच. थर्मासमधला चहा संपला, वांदरांनी पोळीचा एक पुडा पळवला, तरी बसून राहिलो. बाराच्या सुमारास पडदा विरळ झाला. सूर्य वर आल्यामुळे चित्रात येत नव्हता, पण त्याची तिरीप काचेवर पडत होती. यांनी हेल्मेट काढून मोबाइलच्या वर सावलीला धरले. मी वळले की हेही माझ्याबरोबर वळत. एका ट्रकवाल्याने गाडी हळू केली आणि हसत गेला. आधी उजळ शेतावर बोट दाबून धरून उजेड कायम करून घेतला, म्हणजे मधेच फोटो काळा-पांढरा होत नाही. चौथ्या खेपेला जमला.

तो फोटो पहिल्यासारखा देखणा नाही. संत्र्याच्या बागांचे गडद चौकोन, कपाशीची फिकट शेते, पाण्याची एक चकाकी आणि झाडांचे झुबके. प्रत्येक झुबक्यात एक गाव. उभी असताना मला जवळचा गाविलगड आठवला. बहामनी राजवटीत 1425 च्या सुमारास तो बांधला, असे सांगतात. 15 डिसेंबर 1803 ला इंग्रजांनी तो भोसल्यांकडून घेतला. तटावरचे पहारेकरी शेकडो वर्षे खालचे हे मैदानच न्याहाळत असतील. म्हणजे आईचा प्रश्न काही वेडा नव्हता. तिथून खालचे नक्की दिसत होते.

तोही फ्लेक्स छापून नेला. आईने खाट भिंतीजवळ सरकवायला लावली. बोटाने चाचपत चाचपत ती एका झुबक्याशी थांबली आणि म्हणाली, "हे पाय. हे आमचं. हा नाला, अन् हा वळणाचा रस्ता." नाला मला दिसला नाही. तेच तिचे गाव होते की शेजारचे, हेही मी सांगू शकत नाही. मी काही म्हटले नाही. ती म्हणाली, "केवढंसं दिसते व! अन् आमाले वाटे, सारं जग तेच हाय."

भाऊ सांगतो, आता कोणी भेटायला आले की आई आधी त्या फ्लेक्सवर बोट ठेवते आणि मग तब्येतीचे बोलते. पहिला, डोंगराचा फ्लेक्स मुलांनी आपल्या खोलीत नेला.

आपल्या मंडळाची सहल चिखलदऱ्याला न्यावी असे घाटते आहे. पावसाळ्यात गेलात तर दरीत नुसते पांढरे ढग दिसतील, फोटो निघणार नाही. पाऊस संपल्यावर हवा स्वच्छ असते, तेव्हा जावे. पाय रोवा, कोपरे अंगाशी ठेवा, सावकाश वळा. पण मोबाइल हातात घेण्याआधी एकदा नुसत्याच सगळ्या बाजूंना फिरून पाहा, पाठीमागे काय आहे तेही. आणि घरी जी म्हातारी माणसे मागे राहणार आहेत, त्यांना निघण्यापूर्वी विचारा, तिथले तुम्हाला काय पाहायचे आहे. मी विचारले असते तर आईचे पंधरा दिवस वाचले असते. तिच्या वयात पंधरा दिवस थोडे नसतात.