माहीमचा पूल आणि आपला नाला

(ज्युबिलीच्या पूर्वतयारीच्या सभेंत केलेलें भाषण)



समुद्रापासून इतक्या दूर, या वाशीम जिल्ह्यांत, समुद्रकांठच्या एका पुलाची कथा आम्ही आज कां सांगत आहों, असें तुम्हांस वाटेल. तिचें कारण शेवटीं कळेल.

मुंबई पूर्वीं सात बेटांची होती. त्यांतील माहीम आणि साष्टीच्या टोंकाचें वांद्रें यांच्या मध्यें खाडी. साष्टीहि बेटच, परंतु ठाण्याकडून मुख्य भूमीस जाणारी वाट तिच्यावरूनच होती. माहीमास सेंट मायकलचें देऊळ, वांद्र्यास टेकडीवर माउंट मेरीचें. आणि मरियामातेच्या जन्माचा सण ८ सप्टेंबरला, म्हणजे पावसाळा सरला नसतांना! भाविक असो, बाजारकरी असो, आजारी असो, भिस्त होडीवरच.

सरकार पैसा देईना. तेव्हां सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनीं सुमारें दीड लक्ष रुपये दिले, आणि १८४५ सालीं तो मार्ग खुला झाला. बाईंची अट अशी कीं, तेथें कोणाकडूनहि टोल घेऊं नये. अवाबाई पारशी, खाडी ओलांडणारे बहुतेक लोक ना त्यांच्या धर्माचे, ना नात्याचे. ती वाट आजहि वाहती आहे.

आतां आपल्या नाल्याकडे वळूं. पलीकडील वस्ती म्हणजे पावसाळ्यापुरतें बेटच. पूर आला कीं मुलांची शाळा बुडते, बाळंतिणीस दवाखाना दुरावतो. मागील श्रावणांत एका वृद्ध माउलीच्या शेवटच्या संस्कारांसाठीं आम्हांस बोलावणें आलें. पाणी उतरण्याची वाट पाहत आम्ही सायंकाळपर्यंत अलीकडे उभे राहिलों. पोंचलों तेव्हां तिचे डोळे मिटले होते.

आणि तरीहि ज्युबिलीसाठीं संगमरवरी कमानीचा प्रस्ताव आला, तेव्हां पहिला हात आम्हींच वर केला! हें सांगतांना आम्हांस लाज वाटते. कमानीखालून आपणच जाऊं. पुलावरून सारा गांव जाईल.

म्हणून आमची विनंती आहे कीं, ग्रामपंचायतीची संमति व जाणत्या अभियंत्याचा सल्ला घेऊन कमानीचा निधि नाल्यावरील एका लहानशा, पण पुराच्या वर राहील अशा पुलास द्यावा. निधि अपुरा पडेल. ज्यापाशीं पैसा नाहीं त्यानें श्रम द्यावे. पुलावर आपल्या नांवाची पाटी नको. पुढल्या श्रावणांत पलीकडचीं मुलें कोरड्या पायांनीं शाळेस पोंचलीं, म्हणजे आपली ज्युबिली साजरी झाली असें आम्ही समजूं.